बटू दीर्घिकांतली सक्रिय कृष्णविवरे: वाद एका रेषेचा

बटू दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेहून खूप लहान दीर्घिकांच्या, केंद्रात सक्रिय कृष्णविवर (भोवतालचा वायू गिळताना तो तापवून उजळवणारे) असू शकते, ही शक्यताच बराच काळ कोणी फारशी मनावर घेतली नव्हती. १९८९ साली एनजीसी ४३९५ या फिकट सर्पिल दीर्घिकेच्या केंद्रात हायड्रोजनच्या रुंद वर्णरेषा, म्हणजे कृष्णविवराभोवती वेगाने फिरणाऱ्या वायूची खूण, सापडल्या. त्याच्या दोन वर्षे आधी पॉक्स ५२ या बटू दीर्घिकेतही तसेच काहीसे दिसले होते. दोघींचीही बोळवण ‘अपवाद’ म्हणून झाली.

चित्र पालटले ते २००० नंतर, न्यू मेक्सिकोतल्या अडीच मीटर दुर्बिणीने दीर्घिकांचे लाखो वर्णपट (प्रकाशाचे रंगांत केलेले पृथक्करण) एकाच साच्यात नोंदवले तेव्हा. वर्गवारीसाठी १९८१ पासूनचा एक आलेख हाताशी होताच: आडव्या अक्षावर नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्या रेषांचे गुणोत्तर, उभ्यावर ऑक्सिजन आणि हायड्रोजनचे. ताऱ्यांनी तापवलेला वायू डावीकडच्या वळणावर बसतो, कृष्णविवराने तापवलेला उजवीकडे वर. सीमा कुठे मानायची, एवढाच प्रश्न. २००१ मध्ये सैद्धांतिक गणितातून एक रेषा आली, २००३ मध्ये प्रत्यक्ष दीर्घिकांवरून दुसरी. दोन्हींच्या मधल्या पट्टीला, जिथे तारे आणि कृष्णविवर दोघांचाही हात असू शकतो, नाव पडले ‘संमिश्र’.

मोठ्या दीर्घिकांचे या पट्टीवाचून फारसे अडत नाही. बटूंचा सगळा हिशेब मात्र तिच्यावरच येऊन ठेपतो. २०१३ साली सुमारे २५,००० बटू दीर्घिका चाळून १३६ जणींची यादी निघाली. त्यात निखळ सक्रिय ३५, संमिश्र १०१. म्हणजे संमिश्र धरल्या तर यादी जवळजवळ चौपट! शिवाय बटू दीर्घिकांत नायट्रोजनसारखी जड मूलद्रव्ये मुळातच कमी. त्यामुळे कृष्णविवर जोरात असले तरी त्यांचा बिंदू डावीकडे, ताऱ्यांच्या गर्दीत सरकतो. थोराड दीर्घिकांच्या मापाने आखलेली ही रेषा बटूंना लावणे अन्यायाचेच होते. ती सैल केली की खोटे उमेदवार घुसतात, ही उलट बाजूची तक्रारही खरी, पण तिचा बाऊ जरा जास्तच झाला.

कृष्णविवरे अवरक्त किरणांत शोधण्याचा पर्यायही निर्धोक ठरला नाही. नव्या ताऱ्यांनी तापलेली धूळ तिथे हुबेहूब कृष्णविवराचे सोंग घेते. २०११ मध्ये हेनाइझ २-१० या बटू दीर्घिकेत रेडिओ आणि क्ष-किरणांचा एकत्रित स्रोत सापडला, तर त्यावरही ‘हा स्फोट झालेल्या ताऱ्याचा अवशेष’ असा आक्षेप आलाच. २०२२ च्या अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांनी पारडे पुन्हा कृष्णविवराकडे झुकवले.

अलीकडची मोठी झेप यंत्रामुळे झाली. न्यू मेक्सिकोच्या जुन्या सर्वेक्षणातला प्रकाशतंतू (दीर्घिकेचा उजेड यंत्रात नेणारा काचेचा तंतू) आकाशाचा ३ विकलांचा तुकडा टिपायचा; विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. केंद्राबरोबर आसपासच्या ताऱ्यांचा उजेडही त्यात शिरे. ॲरिझोनातल्या चार मीटर दुर्बिणीच्या ५,००० तंतूंनी ही चौकट १.५ विकलांवर आणली. २०२५ मध्ये सुमारे १,१५,००० बटू दीर्घिकांतून अडीच हजार उमेदवार पुढे आले.

तंतू केंद्रावरच रोखलेला असतो, ही अडचण मात्र उरतेच. २०२० च्या रेडिओ पाहणीत १११ बटूंपैकी १३ जणींत सक्रिय कृष्णविवरांची चिन्हे दिसली, आणि त्यांतले कित्येक स्रोत केंद्रापासून सरकलेले होते. त्यांतले काही त्या दीर्घिकांचे नसून पलीकडच्या दूरच्या दीर्घिकांचे असावेत, ही शंका अजून फिटलेली नाही.