पार्श्वभूमी : चिको त्वाला, ‘मॅनेलो’ आणि बबलगमचा शिक्का

दक्षिण आफ्रिकेच्या सेलो ‘चिको’ त्वालाचं नाव हल्ली गायिका ब्रेंडा फासीचा निर्माता म्हणूनच जास्त घेतलं जातं. पण त्याआधी, 1980 च्या दशकात, तो स्वतः गायक म्हणून गाजला होता. जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोतला हा मुलगा हरारीसारख्या बँडमधून पुढे आला. बँडच्या जमान्यातली त्याची जडणघडण इथे थोडक्यात सोडून देतो, कारण खरा गुंता पुढे आहे.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला स्टुडिओत सिंथेसायझर आणि ड्रम मशीन आली. आधी चार-सहा वादक लागायचे, ते काम आता चाव्यांचा एक पट्टा आणि एक जाणता कान करू लागला. गाणारा आणि ध्वनिमुद्रण घडवणारा एकच माणूस असणं त्यामुळे सोपं झालं. चिको असा माणूस होता. त्याच्या गाण्यांत डिस्कोचा ठेका, ठसठशीत सिंथ-बास आणि वर कोरसचा सवाल-जवाब असायचा. या सगळ्या प्रकाराला नाव पडलं बबलगम.

हे नाव मला कधीच पटलं नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत किशोरवयीन मुलांसाठीच्या गोडगोड पॉपला हा शब्द लावत. तोच उचलून टाउनशिपमधल्या, म्हणजे शहराबाहेरच्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमधल्या, संगीतावर चिकटवला गेला. चघळायचं, गोडी संपली की थुंकायचं, असा त्याचा अर्थ. काही जण ‘टाउनशिप पॉप’ म्हणतात, ते निदान ठिकाण तरी सांगतं. बबलगम म्हटलं की या गाण्यांत नाच आणि प्रेम सोडून काही नव्हतं, असं ऐकण्याआधीच ठरून जातं.

आता काळ पाहा. जून 1986 मध्ये देशभर आणीबाणी लागू झाली होती. नेल्सन मंडेला तुरुंगात होते, आणि त्यांचा फोटो किंवा त्यांचे शब्द छापणं गुन्हा होता. सरकारी रेडिओची केंद्रं भाषेनुसार वेगवेगळी, झुलूसाठी एक, खोसासाठी दुसरं. गाणं वाजवून घ्यायचं तर शब्द कागदावर लिहून आधी द्यावे लागत आणि समिती ते तपासत असे. नापसंत गाणं चुकूनही लागू नये म्हणून रेडिओच्या ग्रंथालयातल्या तबकडीवर त्या गाण्याच्या चरांवर टोकदार वस्तूने ओरखडे काढत. अशा तबकड्या तिथल्या संग्रहात राहिल्या. बाकीची गाणी शाबूत आणि मधल्या एका पट्ट्यावर आडवे-तिडवे चरे, हे त्या काळाचं फार बोलकं चित्र आहे.

अशा वेळी चिकोने ‘वी मिस यू मॅनेलो’ काढलं. वरवर पाहिलं तर हरवलेल्या कुणाची तरी आठवण. पण ‘मंडेला’तला ‘ड’ काढून बघा, शेवटच्या ‘आ’चा ‘ओ’ करा. एवढंच केलं होतं. टाउनशिपमध्ये ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नव्हतं. त्याच सुमारास एका लोकप्रिय गायिकेने मंडेलांच्या पत्नीच्या नावाचं, ‘विनी मंडेला’चं, ‘विनिंग माय डिअर लव्ह’ केलं. युक्ती तीच.

इथेच वाद आहे. एक बाजू म्हणते की ही तडजोड होती. परदेशात गेलेले कलाकार उघडपणे नाव घेऊन गात होते, आणि इथे गोऱ्या मालकांच्या कंपन्यांसाठी नाव बदलून रेकॉर्ड खपवल्या जात होत्या. या आक्षेपात तथ्य आहे. कंपनीला बंदी परवडत नव्हती, आणि नाव बदलण्यात धंद्याचाही विचार होताच. पण मला दुसरी बाजू जास्त वजनदार वाटते. परदेशातलं उघड गाणं देशात ऐकायला मिळणं मुश्कील होतं. मॅनेलो मिनीबस टॅक्सीत आणि शेबीनमध्ये, म्हणजे घरगुती गुत्त्यांत, पोचू शकत होतं. ज्या माणसाचं चित्र छापायची बंदी, त्याची आठवण नाचाच्या ठेक्यावर लोकांच्या तोंडी बसवणं, याला नुसती तडजोड म्हणता येणार नाही.

पुढची कारकीर्द याच धाग्याने पाहता येते. 1983 च्या ‘वीकेंड स्पेशल’ या गाण्याने ब्रेंडा प्रसिद्ध झाली होती. दशकाच्या अखेरीस तिची घसरण सुरू असताना चिको तिचा निर्माता झाला. 1989 च्या ‘टू लेट फॉर मामा’त पाठीला तान्हं बांधून अनवाणी पाणी आणायला गेलेली आई विजेने मरते. बबलगम म्हणवणाऱ्या संगीतात हा विषय आहे! 1990 मध्ये ‘ब्लॅक प्रेसिडेंट’ आलं. फेब्रुवारीत मंडेला सुटले होते, पण निवडणुकीला अजून चार वर्षं होती. मॅनेलोची आडवाट सुटली आणि थेट राष्ट्राध्यक्ष म्हणून गायलं गेलं. सरकारी रेडिओने ते गाणं तरीही रोखलं.

त्यानंतर नव्वदच्या दशकात हाऊस हे क्लबातलं नाचाचं संगीत संथ करून घडलेला क्वायटो हा प्रकार आला आणि बबलगम रातोरात जुनं झालं. बरेच गायक मागे पडले. चिको आणि ब्रेंडा मात्र दशकाच्या अखेरीस ‘मेमेझा’ घेऊन परतले. तो 1998 चा तिथला सर्वाधिक खपाचा अल्बम ठरला. त्यातल्या ‘वुलिंदलेला’त मुलाच्या लग्नाच्या आनंदात आई चहाडखोर शेजाऱ्यांना सांगते, वाट सोडा. 2004 मध्ये ब्रेंडा गेली, अवघ्या 39 वर्षांची.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्या काळातल्या तबकड्या परदेशी कंपन्यांनी पुन्हा छापल्या आहेत. विकताना त्यांच्यावर शब्द तोच असतो, बबलगम, आता जरा कौतुकाने म्हटलेला. आणि दक्षिण आफ्रिकेत लग्नाच्या मांडवात ‘वुलिंदलेला’ अजून लागतं.