वृत्तपत्राचा मथळा

बातमीच्या वर ठळक ठशात छापलेली, तिचा आशय मोजक्या शब्दांत सांगणारी ओळ म्हणजे मथळा. बातमी वाचायची की पान उलटायचे, हे वाचक त्यावरून ठरवतो. एवढे सर्वांना ठाऊक असते. पण एखाद्या घटनेतले नेमके काय ‘घडले’ म्हणून लोकांच्या लक्षात राहावे, हेही बरेचसे मथळाच ठरवतो. भडक मथळ्यांवर टीका पुष्कळ होते. लोकमताला वळण लावण्याचे काम मात्र बहुधा साधे, निरुपद्रवी दिसणारे मथळेच करतात.

सुरुवातीच्या वृत्तपत्रांत आजच्यासारखे मथळे नव्हते. पहिले पान अनेकदा जाहिरातींचे असे. लंडनच्या ‘द टाइम्स’ने पहिल्या पानावर बातम्या छापायला सुरुवात केली ती थेट ३ मे १९६६ रोजी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आलेल्या वेगवान छपाईयंत्रांत फिरत्या रुळावरचे अक्षरांचे खिळे कॉलमांमधल्या उभ्या पट्ट्यांनी आवळून धरावे लागत, त्यामुळे मथळा एका कॉलमाबाहेर जाणे अवघड होते. मग बातमी मोठी असेल तर मथळे आडवे न पसरता एकाखाली एक रचले जात. अब्राहम लिंकन यांच्यावरील हल्ल्याची बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १५ एप्रिल १८६५ च्या अंकात अशीच एका कॉलमात, उतरंडीसारखी छापली. पुढे अख्खे पान एकसंध ओतीव पत्र्यावरून छापता येऊ लागले आणि ही अडचण संपली. पानभर पसरणाऱ्या मथळ्याचा पुरेपूर वापर १८९० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये पुलित्झर यांच्या ‘वर्ल्ड’ने आणि हर्स्ट यांच्या ‘जर्नल’ने केला. १५ फेब्रुवारी १८९८ रोजी स्पेनच्या ताब्यातल्या क्यूबामधील हवाना बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोटात बुडाली, तेव्हा दोनच दिवसांनी ‘जर्नल’ने हे शत्रूचे कृत्य असल्याचे मथळ्यातच जाहीर करून टाकले. पुरावा कसलाच नव्हता. १९७६ मध्ये अमेरिकी नौदलाचे अ‍ॅडमिरल रिकोव्हर यांनी केलेल्या फेरतपासणीत स्फोट बोटीच्या आतूनच झाला असावा, असा निष्कर्ष निघाला. ‘मेन’ बुडाल्यानंतरचे स्पेन-अमेरिका युद्ध या मथळ्यांनी पेटवले, असे सर्रास सांगितले जाते. अनेक इतिहासकारांना ते मान्य नाही, आणि त्यांचे बरोबर असावे: मथळा असलेल्या रागाला दिशा देतो, राग निर्माण करणे त्याला एकट्याला जमत नाही.

मथळा सहसा बातमीदार देत नाही, तो डेस्कवरचा, म्हणजे कार्यालयात बसून बातम्या तपासणारा उपसंपादक देतो. बातमी चुकीच्या मथळ्याखाली गेली की संबंधितांचे बोलणे मात्र बातमीदाराला खावे लागते. उपसंपादकापुढे दोन बंधने असतात, जागा आणि वेळ. दोन कॉलमांत ठरावीक ठशात जेवढी अक्षरे मावतील तेवढ्यातच अर्थ बसवायचा असतो. त्यातून मथळ्यांची एक स्वतंत्र भाषाच तयार झाली आहे. मराठीत क्रियापद गाळणे, अर्धविरामाने दोन घटना जोडणे आणि ‘दणका’, ‘बडगा’, ‘साकडे’, ‘गजाआड’, ‘चव्हाट्यावर’ असे आखूड, वजनदार शब्द वापरणे ही तिची ओळख. ही भाषा बोलताना कोणी वापरत नाही. वेळेच्या बंधनाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ३ नोव्हेंबर १९४८ चे आहे. छपाई कामगारांच्या संपामुळे ‘शिकागो डेली ट्रिब्यून’ला अंक नेहमीपेक्षा लवकर सोडावा लागला आणि अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीची मतमोजणी पुरी होण्याआधीच ड्यूई यांनी ट्रुमन यांना हरवल्याचा मथळा छापून गेला. निवडून आले होते ट्रुमन. तोच अंक हातात उंचावून हसणारे त्यांचे छायाचित्र जगभर गाजले.

लक्ष वेधण्याच्या युक्त्या फारशा गूढ नाहीत. ठशाचा आकार, पानावरची जागा, आकडा, नामांकित व्यक्तीचे नाव, अर्धवट ठेवलेली माहिती आणि भीती. यांतली भीती सर्वांत खात्रीची. ‘अपवर्दी’ या अमेरिकी संकेतस्थळाने एकाच मजकुराला वेगवेगळे मथळे देऊन केलेल्या हजारो चाचण्यांचे विश्लेषण २०२३ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेविअर’ या नियतकालिकात आले. मथळ्यातल्या प्रत्येक नकारात्मक शब्दामागे क्लिक करण्याचे प्रमाण सुमारे २.३ टक्क्यांनी वाढत होते, सकारात्मक शब्दांनी ते घटत होते. वाचकाला चांगली बातमी हवी असते, हे म्हणणे त्याच्या बोटांना मान्य नाही.

प्रश्नचिन्हाची गोष्ट वेगळी. ‘घोटाळ्यामागे मंत्र्यांचा हात?’ असा मथळा आरोप करतो आणि जबाबदारी टाळतो. ब्रिटिश पत्रकार इयन बेटरिज यांच्या नावाने ओळखला जाणारा एक मिस्कील नियम सांगतो की, प्रश्नचिन्हाने संपणाऱ्या कोणत्याही मथळ्याचे उत्तर ‘नाही’ असे देता येते. बातमी पक्की असती तर प्रश्न विचारलाच नसता. अग्रलेखाचा प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा असतो. ‘केसरी’ने ६ जुलै १८९७ रोजी ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असे विचारले, तेव्हा त्यात पळवाट नव्हती. उत्तर काय, ते विचारणाऱ्याला आणि सरकारलाही चांगलेच कळत होते.

समज घडवण्याचे खरे काम व्याकरणात होते. मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि पाच जण जखमी झाले, असे समजू. ‘पोलिसांच्या लाठीमारात पाच आंदोलक जखमी’ हा मथळा कोणी मारले आणि कोणाला लागले, हे दोन्ही सांगतो. ‘लाठीमारात पाच जखमी’ यातून पोलीस गेले, जखमी कोण तेही गेले. ‘जमाव पांगवताना पाच जखमी’ मध्ये आंदोलकांचा जमाव झाला, लाठी नाहीशी झाली, आणि जखमी झालेले कदाचित पोलीसच असतील असे वाटण्याइतकी जागा उरली. ‘आंदोलनाला हिंसक वळण, पाच जखमी’ मध्ये तर हिंसा आंदोलनाचीच झाली, आणि ‘वळण’ या शब्दाने ती आपोआप घडल्यासारखी वाटू लागली. चौघांतला एकही मथळा धडधडीत खोटा म्हणता येणार नाही. खुलासा मागायला गेलेल्याला कोणत्याही डेस्कवर ‘चूक काय आहे ते दाखवा’ एवढेच ऐकायला मिळेल.

अवतरणचिन्हांशिवाय कोणाच्या तोंडी घातलेले शब्द हेही असेच साधन. ऑक्टोबर १९७५ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरच्या न्यूयॉर्क शहराला मदत नाकारणारे भाषण राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी केले. तिथल्याच ‘डेली न्यूज’ने दुसऱ्या दिवशी, ३० ऑक्टोबरला, ‘फोर्ड शहराला म्हणतात: मरा’ अशा आशयाचा मथळा दिला. फोर्ड यांनी ते शब्द उच्चारलेच नव्हते, आणि डिसेंबरात त्यांनी शहरासाठीच्या कर्जाच्या कायद्यावर सहीही केली. लोकांच्या लक्षात राहिला तो मथळाच.

आकड्यांच्या बाबतीत परिणाम जिवावर बेतू शकतो. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो, असा इशारा देण्यात आला आणि तो मथळ्यांमधून गाजला. प्रत्यक्षात धोका सात हजार स्त्रियांमागे एकीवरून दोघींवर गेला होता. ‘दुप्पट’ खरेच होते. पण कशाच्या दुप्पट, ते मथळ्यात नव्हते. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० जास्तीचे गर्भपात झाल्याचा अंदाज आहे.

खाली पूर्ण बातमी दिलेली असते, ती वाचली की गैरसमज दूर होतो, हा बचाव फार टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ उलरिख एकर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत घरफोड्यांविषयीची एकच बातमी वापरली होती: वर्षभरात किंचित वाढ, पण दशकभरात मोठी घट. मथळा वाढीचा की घटीचा, एवढाच फरक. बातमी सर्वांनी वाचली, तरी मथळ्याशी जुळणारा तपशील जास्त लक्षात राहिला आणि दुसरा मागे पडला.

कायदा मात्र आदर्श वाचक गृहीत धरतो. ब्रिटनच्या ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ने दोन दूरचित्रवाणी कलाकारांचे चेहरे अश्लील छायाचित्रांवर चिकटवून खळबळजनक मथळ्यासह छापले; ही बनावट चित्रे एका संगणक खेळातली आहेत, हा खुलासा खालच्या मजकुरात होता. अनेक लोक मथळा आणि चित्रच पाहतात, असे कलाकारांनी म्हटले. तेव्हा ब्रिटनचे सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९५ मध्ये त्यांचा दावा फेटाळला: बदनामी झाली का, हे मथळा आणि मजकूर एकत्र वाचूनच ठरवायचे. व्यवसायाच्या आचारसंहिता याबाबत जास्त कडक आहेत. भारतीय प्रेस कौन्सिलच्या संहितेनुसार मथळा चिथावणीखोर नसावा आणि खालच्या मजकुराशी सुसंगत असावा. ब्रिटनच्या संपादक संहितेतही मजकुराचा आधार नसलेल्या मथळ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. संकेतस्थळांवर हे पाळले गेले का, ते पाहणेच कठीण झाले आहे. तिथे एका बातमीचे दोन-तीन मथळे एकाच वेळी वेगवेगळ्या वाचकांना दाखवले जातात, जास्त क्लिक मिळवणारा ठेवतात, आणि वाद झालाच तर संध्याकाळपर्यंत तोही बदललेला असतो.