केफिरचे दाणे आले कुठून?

केफिर, म्हणजे खास दाणे घालून आंबवलेलं ताकासारखं दूध, घरी करायचं म्हटलं की दूध कोणतं घ्यायचं हा प्रश्न नंतरचा, आधी दाणे कुठून आणायचे ते बघावं लागतं. घरातलं विरजण संपलं तर शेजारून चमचाभर दही आणता येतं, दुकानातल्या डब्यावरही काम भागतं. अगदीच अडलं तर कोमट दुधात सुक्या मिरचीची देठं टाकून दही लावणारेही आहेत. केफिरला असली पळवाट नाही. दाणा आधीच्या दाण्यातूनच वाढतो, त्यामुळे तो कोणाकडून तरी मागून आणावा लागतो. केफिरचा इतिहास म्हणजे बराचसा या मागण्याचा, देण्याचा आणि न देण्याचा इतिहास आहे.

दुधाच्या केफिरचा दाणा पांढरट पिवळा, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा गाठीगाठींचा असतो. वरून बुळबुळीत, बोटांत दाबला तर चिवट. एखादा तांदळाएवढा, एखादा अक्रोडाएवढा. नाव दाणा असलं तरी धान्याशी त्याचा संबंध नाही. जिवाणू आणि यीस्ट एकत्र राहून केफिरान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात, त्यात दुधातली प्रथिनं अडकतात आणि दाणा आकार घेतो. जिवाणू दूध आंबवतात, यीस्ट थोडा वायू आणि किंचित अल्कोहोल तयार करतं. केफिर जिभेवर चुरचुरतं ते त्यामुळे.

हे दाणे जगाला माहीत झाले ते रशियाच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ उत्तर कॉकेशसमधून. एल्ब्रुस पर्वताच्या आसपास राहणारे कराचाई, बल्कार आणि ओसेट लोक बकरीच्या कातड्याच्या पखालीत दूध आणि दाणे घालून ठेवत. पखाल दाराजवळ टांगायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याने तिला एक धक्का द्यायचा, अशी पद्धत सांगतात. ती गमतीची वाटते, पण धक्क्यामुळे दाणे तळाशी बसून राहत नाहीत आणि दूध सारखं आंबतं. तयार झालेलं काढून घ्यायचं, तेवढंच ताजं दूध ओतायचं. पखाल धुवायची नाही. आज बरणी अधूनमधून हलवायला सांगतात, दाणे नळाखाली खळखळून धुऊ नका म्हणतात, ते या पखालीला धरूनच आहे.

दाणे प्रेषित मुहम्मदांनी दिले अशी तिथल्या मुस्लिमांची श्रद्धा होती आणि परक्याच्या हाती गेले तर त्यांचा गुण जातो असंही मानत. त्यामुळे देण्याघेण्याचा व्यवहार घरातल्या घरात किंवा गावातल्या गावात चाले.

मग रशियन डॉक्टरांना त्यांची गरज का पडली? त्याचं मूळ क्षयरोगात आहे. त्या काळी क्षयावर औषध नव्हतं. हवापालट, आराम आणि खुराक एवढंच हाती होतं. स्टेप या गवताळ मैदानांतल्या भटक्या लोकांचं कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, क्षयावर गुणकारी समजलं जाई. नेस्तोर पोस्तनिकोव्ह या डॉक्टरने 1858 मध्ये रशियातल्या समारा शहराजवळ कुमिस पाजण्यासाठी खास आरोग्यधाम काढलं. पण घोडीचं दूध मॉस्को-पीटर्सबर्गात कुठून आणायचं? तसंच पेय गाईच्या दुधापासून होतं हे कळल्यावर कॉकेशसकडे सगळ्यांचे डोळे लागले. 1881 मध्ये एडुआर्ड केर्न यांनी मॉस्कोच्या निसर्ग-अभ्यासकांच्या पत्रिकेत या दाण्यांचं शास्त्रीय वर्णन छापलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत दिमित्रियेव्ह आणि पोदविसोत्स्की यांच्या केफिरवरच्या पुस्तिका आल्या. केफिरने क्षय बरा होत नाही हे आज आपल्याला माहीत आहे, पण ज्याला अन्न जात नाही अशा रोग्याच्या पोटात दूध जाण्याचा तो एक मार्ग होता.

इथे ती प्रसिद्ध गोष्ट येते. ती अशी : रशियन डॉक्टरांच्या संघटनेला दाणे हवे होते. त्यांनी ब्लान्दोव्ह या दुग्धव्यावसायिक बंधूंना गळ घातली. ब्लान्दोव्हनी इरिना साखारोव्हा या आपल्याकडच्या तरुण कर्मचारी मुलीला बेक-मिर्झा बारचोरोव्ह या कॉकेशसमधल्या सरदाराकडे पाठवलं. सरदार तिच्यावर भाळला, पण दाणे काही देईना. ती परत निघाली तर वाटेत त्याच्या माणसांनी तिला लग्नासाठी पळवून नेलं. ब्लान्दोव्हच्या माणसांनी तिला सोडवलं, प्रकरण झारच्या न्यायालयात गेलं, सरदाराने भरपाई म्हणून सोनंनाणं देऊ केलं आणि तिने मागितले केफिरचे दाणे. दहा पौंड दाणे मिळाले आणि सप्टेंबर 1908 मध्ये मॉस्कोत केफिरच्या पहिल्या बाटल्या विकायला आल्या. 1973 मध्ये, साखारोव्हा पंच्याऐंशी वर्षांच्या असताना, सोव्हिएत आरोग्यमंत्र्यांनी त्यांना आभाराचं पत्र पाठवलं असंही सांगतात.

गोष्ट झकास आहे, पण तिच्यावरून केफिर रशियात 1908 साली आलं असं कोणी म्हणालं तर मानू नये. त्याआधी पंचवीस वर्षं त्यावर पुस्तिका निघत होत्या. एवढं लिहिणाऱ्यांपाशी दाणे नव्हते? नेटाने मोठ्या प्रमाणावर विक्री तेव्हा सुरू झाली असेल, इतपत पटतं. त्याच 1908 साली मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. ते आंबट दुधाचे मोठे पुरस्कर्ते होते, म्हणून ते नोबेलही दह्या-केफिरच्या खात्यावर जमा करणारे भेटतात. प्रत्यक्षात ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी होतं.

पुढचं काम कारखान्यांनी केलं. 1930 च्या दशकात सोव्हिएत डेअऱ्या दाण्यांवर तयार केलेलं विरजण दुधात मिसळून ते बाटलीतच आंबवू लागल्या. 1950 च्या दशकात मोठ्या टाक्यांत आंबवून, ढवळून मग बाटल्या भरायची पद्धत आली. अर्ध्या लिटरची काचेची बाटली आणि तिचं हिरव्या फॉइलचं बूच ही दोन-तीन पिढ्यांची ओळख झाली. दवाखान्यात केफिर, पाळणाघरात केफिर. तिथून उठून गेलेल्यांनी ती सवय बरोबर नेली. कीव्हहून 1976 मध्ये अमेरिकेत गेलेल्या मायकेल स्मोल्यान्स्की यांनी 1986 मध्ये शिकागोजवळ लाइफवे ही कंपनी काढली. परदेशातल्या मराठी घरांच्या फ्रिजमध्ये केफिरची बाटली दिसते ती अशाच कंपन्यांमुळे, आणि तिचं ताक होतं, कढीही होते.

कारखान्याला दर बाटलीची चव एकसारखी लागते, दाण्यांना ते जमत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी निवडक जिवाणू आणि यीस्ट एकत्र करून केलेली पूड वापरतात. घरगुती ‘केफिर स्टार्टर’च्या पाकिटातही तीच असते. तिच्यावर काही खेपा केफिर होतं, मग जोर ओसरतो. दाणे मात्र तिच्यातून तयार होत नाहीत.

मग पहिला दाणा झाला कसा? इराणमधल्या संशोधकांनी 1997 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बकरीच्या कातड्याच्या पिशवीत पाश्चराइज्ड दूध आणि मेंढीच्या आतड्यातले सूक्ष्मजीव घातले, पिशवी सारखी हलवत ठेवली, आंबलेलं काढून नवं दूध घालत राहिले. बारा आठवड्यांनी कातड्याच्या आतल्या बाजूला केफिरसारखा चिकट थर धरला. कॉकेशसच्या पखालीत असंच काही घडलं असणार, हा तर्क त्यातून बळावला. 2021 मध्ये शास्त्रज्ञ किरण पाटील यांच्या गटाने दाण्यांतल्या सहजीवनावर निबंध प्रसिद्ध केला. दाण्यात सर्वांत जास्त असलेला लॅक्टोबॅसिलस केफिरानोफेशियन्स हा जिवाणू नुसत्या दुधात एकटा धड वाढत नाही, त्याला इतरांनी केलेली पूर्वतयारी लागते, असं त्यात दिसलं. पुडीतून दाणा का होत नाही याचा थोडा उलगडा इथे होतो.

कॉकेशसच्या मक्तेदारीलाही अलीकडे धक्का बसला. चीनच्या शिनजियांगमधल्या शियाओहे दफनभूमीत ममींच्या मानेभोवती पांढरे गोळे सापडले होते. सुमारे 3,300 ते 3,600 वर्षांपूर्वीचे. ते केफिरचं चीज होतं हे त्यांतल्या डीएनएवरून 2024 मध्ये सिद्ध झालं, आणि त्यातला जिवाणू रशियन वंशावळीपेक्षा तिबेटकडच्या वंशावळीला जवळचा निघाला.

पाण्याचं केफिर, म्हणजे दुधाऐवजी साखरपाणी आंबवून होणारं पेय, हे निराळं कूळ. त्याचे दाणे पारदर्शक आणि ठिसूळ, दाबले की फुटतात. मेक्सिकोत त्यांना तिबिकोस म्हणतात. फड्या निवडुंगाच्या पानांवर ते तयार होतात असं वर्णन फ्रान्समधल्या लुट्झ यांनी 1899 मध्ये छापलं. इंग्लंडमध्ये याचंच भावंड घरोघरी आल्याची बिअर करायला वापरत. 1892 मध्ये हॅरी मार्शल वॉर्ड यांनी त्यातलं यीस्ट आणि जिवाणू वेगळे केले, पुन्हा एकत्र वाढवले आणि गोळा परत तयार करून दाखवला. तो इंग्लंडात आला कुठून याचा पत्ता त्यांनाही लागला नाही. क्रिमियाच्या युद्धातून सैनिकांनी आणला म्हणे. रशियात याच दाण्यांना ‘भारतीय समुद्री तांदूळ’ म्हणतात.

या दाण्यांचं अंग डेक्स्ट्रान नावाच्या पदार्थाचं असतं आणि ते जिवाणू उसाच्या साखरेतल्या सुक्रोजपासूनच बनवतात. मधावर दाणे झुरतात ते म्हणून. थोडा गूळ किंवा चमचाभर काकवी चालते, त्यातले क्षार त्यांना मानवतात. दुधाचे दाणे साखरपाण्यात टाकले तर काही दिवस आंबवतील, पण वाढणार नाहीत.

आता बरणीकडे. कपभर दुधाला चमचाभर दाणे आणि चोवीस तास, हे प्रमाण 20 ते 25 अंशांच्या हवेतलं आहे. ते जसंच्या तसं उचलून मे महिन्यात नागपुरात वापरलं तर सकाळी बरणीत खाली चोथा आणि वर निवळ एवढंच दिसेल. उन्हाळ्यात दाणे निम्मे करावेत आणि आठ-दहा तासांनी गाळावं. स्टीलची गाळणी चालते. पितळेचं, तांब्याचं किंवा अॅल्युमिनियमचं भांडं नको; कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक ठेवू नये हे ज्या घरात शिकवलं, तिथे वेगळं सांगायला नको. बरणीचं झाकण सैल ठेवावं. पाण्याच्या केफिरला फेस यावा म्हणून बाटलीत बूच लावून ठेवायचं असेल तर ती रोज थोडी उघडून वायू सोडावा, काच फुटू शकते. बूच लावून जितकं जास्त ठेवाल तितकं अल्कोहोल वाढतं. जे ते अजिबात घेत नाहीत त्यांनी, आणि लहान मुलांना देणाऱ्यांनी, हे लक्षात घ्यावं. गावाला जायचं असेल तर दाणे ताज्या दुधात बुडवून फ्रिजमध्ये ठेवावेत, आठ-दहा दिवस निभतात. परत आल्यावरच्या पहिल्या एक-दोन खेपा मंद लागतात.