रक्तदाब पडण्याआधी श्वास वाढतो

"रातच्याला चांगलं बोलत हुतं की, पहाटं एकदम काय झालं?" कोल्हापुरातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या पायरीवर हे वाक्य ऐकू येतं. चंदगड नाहीतर गगनबावड्याहून आलेले नातेवाईक, हातात न उघडलेला डबा. मग कुणीतरी अमावस्या काढतं, कुणी म्हणतं विझताना दिवा मोठा होतोच. या समजुतींचा मला मनापासून राग येतो, कारण त्या शोध तिथल्या तिथे थांबवतात. वॉर्डात झोपलेला माणूस एकदम क्वचितच कोसळतो. १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णालयातच हृदय बंद पडलेल्या ६४ रुग्णांची कागदपत्रं तपासली गेली. त्यातल्या ८४ टक्के रुग्णांची तब्येत बिघडत असल्याची किंवा नवी तक्रार सुरू झाल्याची नोंद आधीच्या आठ तासांत झालेली होती.

या खुणांतली सगळ्यात बोलकी खूण म्हणजे श्वासांची गती, आणि सगळ्यात दुर्लक्षितही तीच.

ती का वाढते ते पाहू. जंतुसंसर्ग रक्तात पसरला किंवा आत रक्तस्राव सुरू झाला की पेशींपर्यंत पुरेसा ऑक्सिजन पोहोचत नाही. पेशी मग ऑक्सिजनविना साखर वापरायला लागतात. त्यात लॅक्टेट नावाचा पदार्थ साचतो आणि रक्ताची आम्लता वाढते. गंगावेशीच्या तालमीत पैलवान शेकडो बैठका मारून धापा टाकतो तेव्हा त्याच्या मांड्यांत हेच चाललेलं असतं. खाटेवरचा रुग्ण मात्र निपचित पडून तशी धाप घेतो.

रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, ७.३५ ते ७.४५ एवढ्याच पट्ट्यात राहावा लागतो; तो उतरला की आम्लता वाढली. पट्टा अरुंद वाटतो, पण ही मोजपट्टी लॉगरिदमची आहे, आकडा थोडा हलला तरी आम्लता पटींत बदलते. पीएच ७.४ वरून ७.१ वर आला म्हणजे आम्लता आणणारे हायड्रोजन आयन थेट दुप्पट झाले. ते आवरायला रक्तातलं बायकार्बोनेट पुढे येतं. हायड्रोजन आयन आणि बायकार्बोनेट मिळून कार्बोनिक आम्ल होतं, त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो. पाण्याची अडचण नाही, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला एकच दार आहे, फुप्फुस. श्वास जितका जोरात चालेल तितकं आम्ल उडून जातं. हा हुकूम सुटतो कुठून? मेंदूभोवतीचा अडसर हायड्रोजन आयनांना सहजासहजी आत सोडत नाही, त्यामुळे पहिली चाहूल लागते ती गळ्यात. कॅरॉटिड धमनी जिथे दोन फाट्यांत विभागते तिथे काही मिलिमीटरचा कॅरॉटिड बॉडी नावाचा अवयव आहे. वजनाच्या मानाने त्याच्याइतकं रक्त क्वचितच दुसऱ्या अवयवाला मिळतं. तो सतत रक्ताची चव घेत असतो, आणि आम्लता वाढली की मेंदूच्या श्वसनकेंद्राला कळवतो. हे सगळं रक्तदाब पडायच्या कितीतरी आधी घडतं, कारण रक्तदाब टिकवायला शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतं आणि नाडी वाढवतं. धडधाकट तरुणाचं पाव रक्त गेलं तरी बीपीचा वरचा आकडा नॉर्मल राहू शकतो.

"ऑक्सिजन ९७ आहे, काळजी नको" हा कोविडनंतरचा नवा दिलासा. ऑक्सिमीटर हिमोग्लोबिन किती भरलंय तेवढंच सांगतो, ते पेशींपर्यंत पोहोचतंय का हे नाही. शिवाय धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब १०० वरून ६० पर्यंत उतरला तरी आकडा ९७-९८ वरून ९० पर्यंतच येतो.

आता खाटेजवळचा टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वसनाच्या नोंदींचा कागद, बघा. ताप १०१, नाडी ११२, आणि श्वसनाच्या रकान्यात २०, २०, २०, २०, म्हणजे न मोजताच भरलेले. पंधरा-वीस खाटांमागे एक सिस्टर असेल तर पूर्ण मिनिट छातीकडे बघत उभं राहायला तिला वेळ कुठून मिळणार? ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली गुणपद्धत इथे कामाला येते. समजा श्वास २६ आहेत, त्याचे ३ गुण. नाडी ११२ चे २. ऑक्सिजन ९५, बीपीचा वरचा आकडा १०८ आणि ताप १०१, यांचा प्रत्येकी १. बेरीज ८. सात किंवा त्याहून जास्त झाले की तातडीची वेळ समजतात. श्वासांचा आकडा वगळला तर यातल्या एकाही आकड्याने घरचं कुणी घाबरलं नसतं. आणि "म्हातारं रात्रभर काहीबाही बोलत होतं", तो विझता दिवा? नव्याने आलेल्या गोंधळलेपणाला या पद्धतीत एकदम ३ गुण आहेत.

पण गुण मोजून धावायचं कुणी? सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयात केन हिलमन यांनी १९९० च्या सुमारास याचं उत्तर दिलं: आयसीयूतले डॉक्टर आणि नर्स यांचं पथक, जे हृदय बंद पडण्याआधी वॉर्डात येतं. खरी क्रांती होती ती परवानगीची. निकष पुरे झाले की वॉर्डातली सगळ्यात नवी नर्ससुद्धा थेट बोलावू शकते. आपल्याकडे सिस्टर आरएमओला, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरला, सांगते, आरएमओ मोठ्या डॉक्टरांना रात्री तीनला फोन करावा की नको या विचारात पडतो, आणि त्यात तास जातो.

पथक नेमलं की काम फत्ते, असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या २३ रुग्णालयांतल्या मोठ्या चाचणीचा निकाल २००५ मध्ये आला, आणि पथक असलेल्या व नसलेल्या रुग्णालयांत ठळक फरक दिसला नाही. निकष पुरे होऊनही अनेकदा पथकाला बोलावलंच गेलं नव्हतं. पुढच्या एकत्रित विश्लेषणांत आयसीयूबाहेर हृदय बंद पडण्याच्या घटना कमी झाल्याचं दिसलं. आता एआयवाल्या यंत्रांची जाहिरात जोरात आहे. ती उपयोगी ठरतीलही, पण घंटा वाजल्यावर उठून जाणारं माणूस ठरलेलं नसेल तर घंटा नुसती वाजत राहील.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये २०१३ पासून आणि इंग्लंडमध्ये २०२४ पासून तब्येत बिघडतेय असं वाटलं की तातडीची तपासणी मागण्याचा हक्क नातेवाइकांनाही मिळू लागला आहे. आपल्याकडे तसा नियम नसला तरी रात्री खाटेशेजारी बसणारं माणूस असतंच. रुग्णाला न सांगता त्याचे श्वास मोजा, कारण कळलं की श्वास बदलतो. मनगट धरून नाडी बघतोय असं दाखवा, नजर छातीवर ठेवा, मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावा. मोठ्या माणसाचे २५ किंवा जास्त भरले, किंवा झोपेच्या-वेदनेच्या औषधांनंतर ८ किंवा कमी, तर "जरा बघा की" एवढंच म्हणू नका. "सिस्टर, आत्ता दोन वाजून दहा मिनिटांनी श्वास २८ आहेत, पूर्ण मिनिट मोजलेत," असं सांगा आणि तो आकडा चार्टवर लिहायला लावा.