दुसरा इलेक्ट्रॉन टिकतो कसा?

हायड्रोजनला आणखी एक इलेक्ट्रॉन मिळाला की त्याचं द्विक पूर्ण होतं, म्हणून ऋण हायड्रोजन आयन स्थिर असतो, असं आपण शाळेत घोकलेलं असतं. पण प्रोटॉनचा धनभार पहिल्याच इलेक्ट्रॉनने फेडून टाकल्यावर दुसरा कशाच्या जोरावर टिकतो, हे त्यात कुठेच येत नाही.

क्वांटम यांत्रिकीची अट साधी आहे. रेणू असो वा आयन, सगळे कण एकत्र असतानाची किमान ऊर्जा ही तो कसाही फुटला तरी उरणाऱ्या तुकड्यांच्या किमान ऊर्जेपेक्षा कमी हवी. इथे तुकडे म्हणजे हायड्रोजन अणू आणि लांब गेलेला इलेक्ट्रॉन. सगळे कण सुटे असतानाची ऊर्जा शून्य धरली, तर त्यांची ऊर्जा उणे १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं एकक). आपल्याला याच्याखाली उतरायचं आहे.

दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, त्यामुळे ही ऊर्जा देणारं श्रोडिंगरचं समीकरण कागदावर नेमकं सुटत नाही. मात्र अंदाजाने कुठलंही तरंगफलन (इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, हे ज्यावरून कळतं ते गणिती सूत्र) घ्या, त्याची सरासरी ऊर्जा खऱ्या किमान ऊर्जेच्या खाली कधीच जात नाही. म्हणजे एक जरी अंदाज उणे १३.६च्या खाली गेला, तरी काम झालं!

दोन्ही इलेक्ट्रॉनांना सारखाच गोल ढग, म्हणजे सारखंच तरंगफलन दिलं, तर तो कितीही फुगवा, आकसवा, उणे १२.८६ला अडकतो. भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथे यांनी १९२९मध्ये अधिक गुंतागुंतीचं फलन घेऊन स्थिरता सिद्ध केली. मला मात्र खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांची १९४४मधली युक्ती फार आवडते. एक ढग केंद्रकाला बिलगलेला (घातांक, म्हणजे ढग किती झपाट्याने विरळ होतो तो आकडा, १.०३९), दुसरा जवळजवळ चौपट पसरलेला (०.२८३). कोणता इलेक्ट्रॉन आत, कोणता बाहेर हे ठरवायचं नाही. दोन्ही शक्यतांची बेरीज घ्यायची. उत्तर येतं उणे १३.९७. दोघांनी एकमेकांपासून अंतर राखलं, एवढ्यानेच आयन तगला.

खरी किंमत सुमारे उणे १४.३६. म्हणजे दुसरा इलेक्ट्रॉन जेमतेम ०.७५ इलेक्ट्रॉनव्होल्टने धरलेला. सूर्याच्या दृश्य प्रकाशाचा मोठा भाग याच नाजूक आयनांमुळे घडतो. पाण्यात मात्र हा आयन क्षणभरही राहत नाही, लगेच प्रोटॉन ओढून हायड्रोजन वायू बनतो. तेव्हा ‘ऋण हायड्रोजनयुक्त’ पाण्याच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका.

आणि तिसरा इलेक्ट्रॉन? गणिती भौतिकशास्त्रज्ञ एलियट लीब यांनी १९८४मध्ये मर्यादा सिद्ध केली: इलेक्ट्रॉनांची संख्या ही केंद्रकांच्या एकूण भाराची दुप्पट अधिक केंद्रकांची संख्या, यापेक्षा कमीच असते. एका प्रोटॉनसाठी तीनपेक्षा कमी, म्हणजे फार तर दोन. हायड्रोजनच्या रेणूला हे सूत्र पाचांपर्यंत मुभा देतं, प्रत्यक्षात त्याला तिसराही कायमचा धरून ठेवता येत नाही. सगळ्या अणुरेणूंसाठी सूत्र आणि वास्तव यांतली ही दरी बुजवणारी सिद्धता अजून कुणाला सापडलेली नाही.