हर्नियाच्या ऑपरेशननंतर जन्मभर पेज? अजिबात नाही

फोंड्याला मावशीचं हायटस हर्नियाचं ऑपरेशन ठरलं आणि शेजारणीने सांगून टाकलं, "आता जन्मभर पेजच." मावशीची झोप उडाली. ही समजूत आमच्याकडे वर्षानुवर्षं फिरतेय आणि ती साफ चुकीची आहे.

या आजारात श्वासपटलातल्या, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्यातल्या, भोकातून जठराचा भाग वर छातीत सरकतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तो खाली घेतात, भोक टाके घालून लहान करतात आणि बहुधा जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. गुंडाळण्याची ही पद्धत सर्जन रुडॉल्फ निसेन यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. ऑपरेशननंतर त्या जागी सूज येते, म्हणून सुरुवातीला घास अडकतो. पेज तेवढ्यापुरतीच. मग मऊ भात, कुस्करलेला मासा. साधारण ४ ते ६ आठवड्यांत बहुतेकांचं जेवण रुळावर येतं. पाव मात्र उशिरा, कारण तो ओला झाला की गोळा होऊन अडकतो. सोडाही नको; ढेकर सहज येत नाही, पोट फुगतं. भरलेली कळशी उचलणंही तोवर बंद.

पाणीसुद्धा उतरेना, उलट्या थांबेनात, ताप आला किंवा छातीत जोरात दुखलं, तर लगेच डॉक्टरांकडे जा.

मावशीने दुसऱ्या महिन्यात बांगड्याचं हुमण आणि भात खाल्ला, प्रत्येक घास बारीक चावून.