ब्रान्स–डिकी सिद्धांत (कसोट्या)

कार्ल ब्रान्स व रॉबर्ट डिकी यांनी १९६१ मध्ये व्यापक सापेक्षता सिद्धांताला पर्याय म्हणून मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत. यात अवकाश-कालाच्या वक्रतेच्या जोडीला एक अदिश क्षेत्र (प्रत्येक बिंदूला फक्त एक संख्या असलेले, दिशा नसलेले) असते आणि गुरुत्व स्थिरांकाचे मूल्य त्या क्षेत्रावर ठरते. प्रेरणा माख तत्त्वाची (वस्तूचे जडत्व विश्वातील इतर वस्तुमानामुळे ठरते, ही कल्पना). श्रेयाबद्दल एकमत नाही. तत्सम समीकरणे पास्कुआल योर्डान यांनी साधारणतः १९४० च्या दशकापासून हाताळली होती; त्याच सुमारास विली शेरर यांचेही या दिशेने काम चालू होते. ‘योर्डान–ब्रान्स–डिकी’ हे नाव अधिक उचित वाटते. हॉयल–नारळीकर सिद्धांतही (१९६४) माख तत्त्वातूनच निघाला, पण त्याची वाट निराळी.

अदिश क्षेत्राची द्रव्याशी जोड किती क्षीण आहे हे दाखवणारे ओमेगा हे प्राचल जितके मोठे, तितकी या सिद्धांताची भाकिते सापेक्षतेच्या जवळ जातात. त्यामुळे निरीक्षणांनी ओमेगाची फक्त किमान मर्यादा ठरते.

खरा वाद बुधावरून झाला. बुधाच्या उपसूर्य बिंदूचे शतकाला ४३ कोनीय सेकंद सरकणे सापेक्षतेने पुरेपूर सुटते. ओमेगा ५ धरल्यास ३९ च मिळतात. उरलेले ४ सूर्याच्या चपटेपणातून येत असावेत, असा डिकींचा तर्क होता. डिकी व गोल्डनबर्ग यांनी (१९६६) सूर्यप्रतिमेचा मध्यभाग तबकडीने झाकला आणि कडेची बाहेर उरलेली बारीक वर्तुळपट्टी फिरत्या छिद्रांतून तपासली. विषुववृत्तीय व ध्रुवीय त्रिज्यांत लाखात सुमारे पाच भागांचा फरक आला, त्यातून ३.४ सेकंद निघत होते. मेख अशी की हे उपकरण आकार नव्हे, प्रकाश मोजते. विषुववृत्ताजवळची कड अधिक तेजस्वी असली तर ती फुगीर भासते. खऱ्या फुगवट्याचा संकेत पट्टी रुंद केल्याने वाढत नाही, तेजाचा वाढतो. म्हणून रुंदी बदलून पाहिली गेली. तरीही अगदी कडेलगतच्या तेजस्वी डागांचा आक्षेप उरलाच. हिल व स्टेबिन्स यांना (१९७५) बराच कमी चपटेपणा आढळला. पुढे सूर्यपृष्ठाच्या कंपनांवरून काढलेला त्याचा वाटा शतकाला ०.०३ सेकंदाच्या आसपास आला. हाच आकडा ग्राह्य धरावा.

चांद्र लेसर मापनात (चंद्रावरील परावर्तकांवरून लेसर परतवून अंतर मोजताना) नॉर्ट्व्हेट परिणाम शोधतात, म्हणजे स्वतःच्या गुरुत्वीय ऊर्जेमुळे पृथ्वी व चंद्र सूर्याकडे किंचित वेगळ्या त्वरणाने पडतात का ते पाहतात. ओमेगा ५ असता चंद्राची कक्षा सूर्याच्या रोखाने जवळजवळ २ मीटर सरकायला हवी होती. तशी ती आढळली नाही (१९७६). व्हायकिंग यानांच्या रेडिओ संकेतांना सूर्यालगत होणाऱ्या विलंबावरून मर्यादा ५०० वर गेली (१९७९). कॅसिनी यानाने (मापन २००२) दोन कंप्रतापट्टे एकाच वेळी वापरले. सूर्यप्रभामंडलातील आयनद्रायूचा (विद्युत्भारित कणांच्या वायूचा) परिणाम कंप्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, त्यामुळे तो वेगळा काढता आला. मर्यादा ४०,००० झाली.

एका स्पंदकाभोवती (नियमित रेडिओ स्पंद देणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याभोवती) १.६ दिवसांत व ३२७ दिवसांत फिरणाऱ्या दोन श्वेतबटूंच्या (इंधन संपलेल्या, आकुंचित ताऱ्यांच्या) त्रिताराप्रणालीवरून ओमेगाची किमान मर्यादा १,४०,००० पर्यंत पोहोचली (२०२०). न्यूट्रॉन ताऱ्याच्या अंतर्रचनेचे कोणते प्रारूप धरले यावर हा आकडा काहीसा अवलंबून असतो.